झटका आल्यानंतरच्या वेळेची जबाबदारी कोणाची? केंद्रीय आरोग्यमंत्री आणि गोव्याचे आरोग्यमंत्री यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
माननीय आरोग्यमंत्री, गोवा सरकार, पणजी

महोदय,

हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाची बंद झालेली रक्तवाहिनी तातडीच्या अँजिओप्लास्टीने उघडण्याची व्यवस्था देशाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा नेहमीचा, बंधनकारक आणि रात्रंदिवस चालणारा भाग व्हावी, या मागणीसाठी मी हे पत्र उघडपणे लिहीत आहे. उघडलेली वाहिनी पुन्हा बंद होऊ नये म्हणून तिच्यात बसवायची जाळीदार नळी म्हणजे स्टेंट; तिच्या किमतीवर २०१७ च्या फेब्रुवारीत मर्यादा आली. २०१८ च्या सप्टेंबरपासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. गोव्यात तर त्याआधीपासूनच दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड घरोघरी पोहोचले आहे. या गोष्टी चांगल्या आहेत आणि त्यांनी पुष्कळ कुटुंबांना कर्जापासून वाचवले आहे. परंतु या सर्व योजना उपचाराचे पैसे कोणी द्यायचे एवढेच ठरवतात. छातीत कळ आल्यापासून रक्तवाहिनी उघडेपर्यंत जो वेळ जातो त्याला जबाबदार कोण, हे त्यांपैकी एकही योजना सांगत नाही. झटक्याच्या रुग्णाला पैशांइतकीच वेळेचीही हमी लागते, आणि ती हमी कोणाच्याच खात्यावर नसणे ही उपेक्षा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

मी सत्तरी तालुक्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. वैद्यकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. जे वाचले आणि समजून घेतले ते घरच्या दुखण्यामुळे. काही वर्षांपूर्वी काजूच्या हंगामात माझ्या धाकट्या भावाला मध्यरात्रीनंतर झटका आला. जवळच्या एका रुग्णालयात त्याचा ईसीजी निघाला, झटका असल्याचे निदान झाले आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शनही त्याला मिळाले. येथपर्यंत सारे योग्य होते. पण त्यानंतरही त्याच्या छातीतली कळ थांबली नाही. इंजेक्शननंतर तासा-दीड तासाने ईसीजी पुन्हा काढून पाहायचा असतो, आणि रक्तवाहिनी उघडल्याचे त्यात दिसत नसेल तर रुग्णाला तत्काळ कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करण्याचा सुसज्ज कक्ष, असलेल्या ठिकाणी हलवायचे असते. त्या रात्री हे पाहण्याचे काम ठरवून कोणाकडेच दिलेले नव्हते. कामावर एकच तरुण डॉक्टर होता आणि त्याच्यासमोर अपघाताचे दोन रुग्ण होते. भावाला दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या रुग्णालयात नेण्यात आले, तिथे अँजिओप्लास्टी उत्तम झाली, खर्च योजनेतून भागला. तो वाचला. परंतु त्याच्या हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग तोवर निकामी झालेला होता. पन्नाशीच्या आतला, रोज कुळागराची, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेची, चढण चढणारा हा माणूस आज अंगणातून माडीपर्यंत जाताना दोनदा थांबतो. मला त्या रुग्णालयाविरुद्ध किंवा त्या डॉक्टरविरुद्ध तक्रार करायची नाही. कागदावर पाहिले तर प्रत्येकाने आपापले काम केलेले आहे. दोन कामांच्या मधला जो वेळ वाया गेला, त्याची नोंद मात्र कोणत्याही कागदावर नाही.

हा वेळ इतका मोलाचा का, हे वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकून ती पूर्ण बंद झाली की पलीकडचा स्नायू मरू लागतो. कुळागराचा पाट वरच्या अंगाला बुजला तर खालची झाडे त्याच क्षणी वाळत नाहीत, पण पाट मोकळा करायला जितका उशीर होईल तितकी अधिक झाडे जातात आणि गेलेली परत येत नाहीत. स्नायूचेही तसेच आहे. ईसीजीवर विशिष्ट भाग उंचावलेला दिसतो अशा या झटक्याला डॉक्टर ‘स्टेमी’ म्हणतात. वाहिनी मोकळी करण्याचे मार्ग दोन: शिरेतून गुठळी विरघळवणारे औषध देणे, किंवा मनगटातून वा जांघेतून नळी घालून फुग्याने वाहिनी उघडून तिथे स्टेंट बसवणे. औषध कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयात देता येते, परंतु ते प्रत्येक वेळी यशस्वी होत नाही, आणि ज्याला नुकताच मेंदूत रक्तस्राव झाला आहे किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली आहे अशा रुग्णाला ते देताच येत नाही. २००३ साली २३ चाचण्यांमधल्या ७,७३९ रुग्णांचा एकत्रित अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात सुरुवातीच्या काही आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण औषध मिळालेल्यांमध्ये ९ टक्के, तर तातडीची अँजिओप्लास्टी झालेल्यांमध्ये ७ टक्के होते. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण तर ७ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. म्हणून आज जगभरातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच करावी. होणार नसेल तर औषध ताबडतोब द्यावे, पण तिथेच थांबू नये. रुग्णाला लगेच कॅथलॅबच्या दिशेने हलवावे, औषध अपयशी ठरल्यास तत्काळ आणि यशस्वी झाल्यास एका दिवसाच्या आत त्याची अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, करावी.

‘दूरच्या गावातल्या रुग्णाला हलवण्यातच वेळ जाईल’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. डेन्मार्कमध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन १,५७२ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅथलॅब नसलेल्या रुग्णालयांत आलेल्या अर्ध्या रुग्णांना तिथेच औषध दिले गेले, उरलेल्यांना रुग्णवाहिकेने कॅथलॅबच्या रुग्णालयात नेले गेले. मृत्यू, पुन्हा झटका किंवा अपंग करणारा पक्षाघात यांपैकी काही ना काही घडण्याचे प्रमाण तिथेच औषध मिळालेल्यांत १४.२ टक्के, तर हलवून अँजिओप्लास्टी केलेल्यांत ८.५ टक्के होते. हलवलेल्यांपैकी ९६ टक्के रुग्ण दोन तासांच्या आत पोहोचले होते. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर आहे आणि राज्याचे मोठे सरकारी रुग्णालय जिथे आहे ती बांबोळी तिच्या मध्याजवळ आहे. गोव्यासाठी अंतर ही सबब होऊ शकत नाही. जे आहे ते रस्त्याचे, रात्रीचे आणि रचनेचे काम आहे.

एखाद्या देशाची संपूर्ण सरकारी आरोग्यसेवा हा बदल कसा करते, याचे सर्वांत नीट नोंदवलेले उदाहरण इंग्लंडचे आहे. आपल्या चर्चेत ते क्वचित येते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तिथे २००० साली हृदयरोगासाठी राष्ट्रीय आराखडा तयार झाला. त्यात गुठळी विरघळवणारे औषध रुग्णाने मदतीसाठी फोन केल्यापासून साठ मिनिटांच्या आत मिळाले पाहिजे, असे मानक ठरले. रुग्णालयाच्या दारापासून वेळ मोजला तर दाराबाहेर गेलेला वेळ कोणाचाच राहत नाही. तो फोनपासून मोजण्याचे ठरल्यावर रुग्णवाहिका, तालुक्याचे रुग्णालय आणि मोठे रुग्णालय या तिघांना एकाच हिशेबात यावे लागले. त्याच सुमारास प्रत्येक रुग्णालयातील झटक्याच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली आणि तिचे अहवाल रुग्णालयवार प्रसिद्ध होऊ लागले. औषधाची व्यवस्था अशी शिस्तीत आल्यावरच, तातडीची अँजिओप्लास्टी देशभर करता येईल का हे तपासणारा प्रकल्प काही निवडक केंद्रांत सुरू झाला. त्याचा अंतिम अहवाल ऑक्टोबर २००८ मध्ये आला. रुग्णवाहिकेतच ईसीजी वाचून, मधल्या रुग्णालयाला आणि अपघात विभागाला वळसा घालून, रुग्णाला थेट कॅथलॅबमध्ये नेले तर वेळ सर्वांत कमी लागतो, हे त्यातून पुढे आले. फोनपासून फुगा फुगवेपर्यंत १५० मिनिटांचे मानक ठरले आणि तीन वर्षांत देशभर विस्तार करण्याचे धोरण स्वीकारले गेले. २००८ पूर्वी तिथे रक्तवाहिनी उघडण्याचे उपचार मिळालेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जणांची तातडीची अँजिओप्लास्टी होत असे. २०११-१२ पर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले.

इंग्लंड श्रीमंत आहे आणि तिथली आरोग्यसेवा एका छत्राखाली आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिथे जे घडले त्यात यंत्रांची खरेदी हा लहान भाग होता. वेळ कोठून मोजायचा, तो कोणी मोजायचा, आणि मोजलेला आकडा जनतेपुढे ठेवायचा की नाही, हे निर्णय आधी झाले. त्यांना फारसा पैसा लागत नाही. ज्या देशाने गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले त्या पोर्तुगालनेही २०११ मध्ये ‘स्टेंट फॉर लाइफ’ या युरोपीय मोहिमेत सामील होऊन आपली व्यवस्था सुधारायला घेतली, आणि पोर्तुगाल काही युरोपातील धनाढ्य देशांत मोडत नाही. त्या मोहिमेने दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला सहाशे तातडीच्या अँजिओप्लास्टीचे लक्ष्य ठेवले होते. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. त्या मापाने गोव्यात वर्षाला पावणेनऊशेच्या आसपास, म्हणजे रोज दोन-तीन, अशा अँजिओप्लास्टी व्हायला हव्यात. एका लहान राज्याला झेपणार नाही असा हा आकडा नाही.

आपल्या देशातही पुरावा आहे. तमिळनाडूत चार समूहांत एक मोठे केंद्र आणि भोवतालची लहान रुग्णालये जोडून राबवलेल्या प्रकल्पाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले: वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. आणि गोवा या बाबतीत मागे नव्हता, हेही मला नमूद केले पाहिजे. २०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘स्टेमी गोवा’ प्रकल्पाने तालुक्यांच्या आरोग्य केंद्रांत ईसीजी यंत्रे बसवली, तो ईसीजी काही मिनिटांत दूर बसलेल्या तज्ज्ञाने वाचण्याची सोय केली आणि गुठळी विरघळवणारे महागडे औषध मोफत उपलब्ध केले. देशातील मोजक्याच राज्यांनी इतक्या लवकर हे केले. त्या औषधामुळे अनेक जण जिवंत आहेत. म्हणूनच मला वाटते की गोवा सरकारने अर्ध्या वाटेवर थांबू नये, आणि केंद्राने ही वाट देशभर आखावी.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार केंद्राकडे आहे. हृदयविकाराच्या झटक्याची सक्तीची राष्ट्रीय नोंदवही आपल्याकडे नाही. कोणत्या जिल्ह्यात किती रुग्णांना किती वेळात उपचार मिळाले, किती जणांना औषध, किती जणांना अँजिओप्लास्टी आणि किती जणांना काहीच मिळाले नाही, हे दरवर्षी जिल्हावार जाहीर करण्याचे बंधन कोणावरही नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासात ५० शहरांतील २०,४६८ रुग्णांची माहिती होती. त्यात त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्याचा मध्यम कालावधी ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. गरीब रुग्णांमध्ये तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ८.२ टक्के, तर संपन्न रुग्णांमध्ये ५.५ टक्के होते, आणि गरिबांना योग्य उपचार कमी मिळणे हे त्याचे मोठे कारण असल्याचे त्याच अभ्यासात दिसले. हे आकडे संशोधकांच्या चिकाटीमुळे कळले. सरकारने ते स्वतःहून दरवर्षी सांगायला हवेत.

दुसरी तक्रार रात्रीची. झटका कार्यालयीन वेळ पाहून येत नाही. पहाटेच्या आणि सकाळच्या प्रहरात त्याचे प्रमाण जास्त असल्याचे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कॅथलॅबचे उद्घाटन होते तेव्हा यंत्राची किंमत सांगितली जाते, पण रात्री दोन वाजता ते यंत्र चालवायला हृदयरोगतज्ज्ञ, तंत्रज्ञ आणि सरावलेल्या परिचारिका अर्ध्या तासात हजर होतील की नाही, हे सांगितले जात नाही. एक-दोन तज्ज्ञांवर वर्षभराच्या रात्री लादून ही सेवा टिकत नाही. ते थकतात आणि नोकरी सोडून खासगीत जातात. बांबोळीत असो, म्हापशात असो वा मडगावात, सरकारी कॅथलॅब ही दिवसाची सोय राहता कामा नये. आणि मी प्रत्येक तालुक्यात कॅथलॅब मागत नाही, हेही स्पष्ट करतो. जिथे हे काम आठवड्यातून एखादे वेळी होते तिथे हात सरावाचे राहत नाहीत आणि रुग्णाचे नुकसानच होते. थोडी केंद्रे हवीत, पण ती वर्षाचे सर्व दिवस आणि सर्व रात्री उघडी हवीत.

तिसरी तक्रार वाटेतल्या थांब्यांची. काणकोणचा रुग्ण करमल घाट ओलांडून उत्तरेकडे निघतो, तेव्हा त्याला एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात पाठवले जाते. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी तपासणी, नव्याने बोलावलेली रुग्णवाहिका. नव्या झुआरी पुलाने कुठ्ठाळीची कोंडी कमी झाली खरी, पण पुलावर वाचलेली मिनिटे केसपेपरच्या रांगेत गेली तर पुलाचा रुग्णाला काय उपयोग? दिवाडीसारख्या बेटावरून येणाऱ्या रुग्णाला फेरीबोटीशिवाय मार्ग नाही. रात्री रुग्णासाठी ती किती वेळात सुटेल, याचे लेखी उत्तर आरोग्य खात्याने नदी परिवहन खात्याकडून घेऊन ठेवले पाहिजे. सत्तरीच्या सुर्ला-ठाण्यासारख्या गावांत मोबाईलचा सिग्नल मिळेपर्यंत माणसे रस्त्यावर चालत येतात. १०८ रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना ईसीजी काढण्याचे, तो पाठवण्याचे आणि जवळच्या रुग्णालयाला वळसा घालून थेट कॅथलॅब गाठण्याचे अधिकार लेखी आदेशाने मिळाले पाहिजेत. आज एखाद्या चालकाने स्वतःच्या जबाबदारीवर तसे केले आणि वाटेत काही बरेवाईट झाले, तर त्याच्या पाठीशी उभे राहणारे कोणी नाही.

चौथी तक्रार अपुऱ्या राहिलेल्या उपचाराची. माझ्या भावाबाबत जे झाले ते एकट्याचे नाही, असे अनेक घरांशी बोलल्यावर लक्षात आले. इंजेक्शन दिले की काम झाले, असा समज रुग्णालयात आहे आणि नातेवाइकांतही आहे. प्रत्यक्षात इंजेक्शन ही पहिली पायरी आहे. ते देताना त्याच क्षणी पुढच्या प्रवासाची रुग्णवाहिका बोलावली गेली पाहिजे, कळ थांबते की नाही याची वाट पाहत बसता कामा नये.

पाचवी तक्रार राज्यांच्या सीमेची आहे आणि ती मला सर्वांत जवळची वाटते, कारण माझी धाकटी बहीण महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यात दिलेली आहे. दोडामार्गला सिंधुदुर्गनगरी या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा बांबोळी जवळ आहे, कोल्हापूर घाटापलीकडे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग येथील माणूस गंभीर आजारी पडला की पिढ्यान्पिढ्या गोव्याकडेच धावतो, आणि कारवारकडची माणसेही मडगाव-बांबोळीची वाट धरतात. आमची नाती, लग्ने, जत्रा, बाजार सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत. २०१८ च्या आरंभी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, त्यावरून दोडामार्गात आंदोलन झाले आणि महाराष्ट्राच्या जन आरोग्य योजनेचा आधार शोधावा लागला. गोव्याच्या तिजोरीवरचा भार मी समजू शकतो. गोव्याच्या करदात्याने शेजारच्या राज्याचा खर्च कायम उचलावा, असे माझे म्हणणे नाही. पण हा हिशेब दोन सरकारांनी आपसांत करायचा आहे. बंद झालेल्या रक्तवाहिनीच्या रुग्णाला दारात रहिवासाचा दाखला विचारणे कोणत्याही सरकारला शोभत नाही. एका राज्याची रुग्णवाहिका सीमेवर थांबून दुसऱ्या राज्याच्या रुग्णवाहिकेची वाट पाहत असेल, तर तो विलंब निव्वळ प्रशासनाने निर्माण केलेला आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे हा तिढा राज्ये एकेकटी सोडवू शकत नाहीत, आणि म्हणूनच केंद्र सरकारने यात उतरले पाहिजे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: योजनेची मंजुरी, कार्डाचे नूतनीकरण, आधारची जोडणी या बाबी उपचारानंतर बघता येतात. तातडीच्या रुग्णासाठी तशी मुभा असेल तर ती रात्रपाळीच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि कोंकणीत लावलेली असावी, म्हणजे नातेवाइकांना ती मागता येईल.

या तक्रारींवरून माझ्या मागण्या अशा आहेत.

केंद्र सरकारने तातडीच्या अँजिओप्लास्टीचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर करावा आणि त्यासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानात स्वतंत्र तरतूद करावी. या कार्यक्रमात वेळ १०८ ला केलेल्या फोनपासून मोजला जावा. जो रुग्ण स्वतःच्या वाहनाने येतो त्याचा वेळ पहिल्या आरोग्य केंद्राच्या दारापासून मोजला जावा. जिथून दोन तासांत कॅथलॅब गाठता येते असे प्रत्येक गाव आणि जिथून येत नाही असे प्रत्येक गाव, यांचा नकाशा जिल्हावार तयार करून प्रसिद्ध करावा. पहिल्या प्रकारच्या गावांना थेट अँजिओप्लास्टी आणि दुसऱ्या प्रकारच्या गावांना औषध व त्यापाठोपाठ सक्तीचे स्थलांतर, असा नियम लेखी असावा. प्रत्येक जिल्ह्यात या साखळीसाठी एक अधिकारी नावानिशी जबाबदार असावा. झटक्याच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची करून, रुग्णाची ओळख वगळून, रुग्णालयवार आकडे दरवर्षी जाहीर करावेत. खासगी रुग्णालयांनाही यातून सूट नसावी, कारण योजनांचे पैसे त्यांनाही मिळतात.

सीमाभागासाठी गोवा, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात केंद्राच्या मध्यस्थीने करार व्हावा. रुग्णवाहिकेला सीमेवर न थांबता पुढे जाता यावे, जवळच्या कॅथलॅबने रहिवास न विचारता रुग्ण घ्यावा, आणि खर्चाची भरपाई राज्यांनी नंतर परस्परांना करावी.

गोवा सरकारकडे वेगळ्या मागण्या आहेत. राज्यातील सरकारी कॅथलॅबची सेवा चोवीस तास चालवण्यासाठी किती तज्ज्ञ, तंत्रज्ञ आणि परिचारिका लागतात, त्यांपैकी किती पदे मंजूर आणि किती भरलेली आहेत, हे विधानसभेच्या पटलावर ठेवावे आणि रिक्त पदे कंत्राटाऐवजी कायम स्वरूपात भरावीत. ‘स्टेमी गोवा’च्या स्थापनेपासूनचा वर्षवार अहवाल जनतेला खुला करावा, ज्यात किती रुग्णांना इंजेक्शन मिळाले, त्यांपैकी किती जण किती वेळात कॅथलॅबमध्ये पोहोचले आणि वर्षभरानंतर किती हयात आहेत हे असेल. इंजेक्शननंतर नव्वद मिनिटांनी दुसरा ईसीजी काढून तो त्याच तज्ज्ञाकडे पाठवण्याचे बंधन प्रत्येक केंद्रावर घालावे. सत्तरी, पेडणे, काणकोण, सांगे यांसारख्या टोकाच्या तालुक्यांत रात्रीसाठी ईसीजीसह सज्ज रुग्णवाहिका राखीव असावी.

आणखी एक मागणी, जी सर्वांत कमी खर्चाची आहे. छातीतल्या कळेला पित्त किंवा गॅस समजून लोक सोडा पितात, ओवा खातात आणि सकाळ होण्याची वाट पाहतात. मधुमेही माणसांत आणि बायकांत तर कधी कळ छातीत नसतेच. जबडा दुखतो, पाठ दुखते, दम लागतो, अंगाला दरदरून घाम फुटतो. घरातली बाई ‘जरा पडते, बरे वाटेल’ म्हणते आणि तिचे कोणी ऐकून घेत नाही. शाळा, पंचायत, देवळाची कमिटी, चर्च, स्वयंसहाय्य गट यांच्यामार्फत ही लक्षणे आणि ‘आधी १०८’ हा निरोप प्रत्येक वाड्यावर पोहोचवा. आम्ही निवृत्त शिक्षक हे काम विनामोबदला करायला तयार आहोत. आम्हाला पत्रके आणि दोन तासांचे प्रशिक्षण द्या.

इंग्लंडने हा विस्तार तीन वर्षांत करायचे ठरवले आणि तो केला. आपला देश मोठा आणि विषम आहे, म्हणून सर्व राज्यांसाठी तीच मुदत मागणे योग्य होणार नाही. परंतु गोव्यासारख्या लहान, रस्त्यांनी जोडलेल्या आणि ईसीजीची साखळी आधीच उभी असलेल्या राज्यासाठी तीन वर्षे पुरेशी आहेत. केंद्राने गोव्याला या कार्यक्रमाचे पहिले राज्य करावे आणि येथे जे जमले, जे फसले, ते इतर राज्यांसाठी नोंदवून ठेवावे.

या पत्राला दोन्ही मंत्रालयांनी लेखी आणि तारखांसह उत्तर द्यावे, ही विनंती. आश्वासनाऐवजी वेळापत्रक हवे आहे: नोंदवही कधी सुरू होणार, सीमाकराराची पहिली बैठक कधी, आणि चोवीस तासांच्या सेवेची पदे कोणत्या महिन्यापर्यंत भरणार. येत्या विधानसभा अधिवेशनापर्यंत उत्तर न आल्यास मी आणि माझे सहकारी हेच प्रश्न आमच्या आमदारांमार्फत सभागृहात आणि खासदारांमार्फत संसदेत विचारण्याचा आग्रह धरू, आणि माहिती अधिकाराखाली स्वतंत्र अर्जही दाखल करू.

आपला,
सत्तरी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक